बॉक्सवर छापलेले दहा तास: लॅपटॉप कंपन्यांना एक खुलं पत्र

प्रति,
भारतात लॅपटॉप विकणाऱ्या सर्व कंपन्या
(उत्पादन, फर्मवेअर आणि विक्रीपश्चात सेवा विभाग)

सप्रेम नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवते. माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या हातातला लॅपटॉप हा त्यांच्या घरातला पहिला लॅपटॉप असतो. तो घ्यायला गेलं की दुकानदार दोन भाव सांगतो, एक विंडोजसकट आणि एक 'डॉसवाला', म्हणजे विंडोज न घातलेला. डॉसवाला काही हजारांनी स्वस्त पडतो, म्हणून तोच घरी येतो. काही मॉडेलांवर तुम्ही स्वतःच उबुंटू, म्हणजे लिनक्स या मोफत, खुल्या प्रणालीचा एक प्रकार, घालून देता. मग ती मुलं माझ्याकडे येतात आणि आम्ही प्रयोगशाळेत बसून त्यावर लिनक्स बसवतो, किंवा तुम्ही घातलेलं नीट चालावं म्हणून खटपट करतो. गेली बारा वर्षं हे काम मी करते आहे. त्यातून जे दिसलं ते तुमच्यापर्यंत पोचावं म्हणून हे पत्र. विषय दोनच आहेत: टचपॅड आणि बॅटरी.

दोनच, कारण बाकीच्या तक्रारी आता फारशा येत नाहीत. वायफाय सापडत नाही, आवाज येत नाही, प्रिंटर ओळखत नाही, यात पूर्वी आमचे दिवसच्या दिवस जायचे. ते दिवस सरले. टेबलावरच्या संगणकाला माउस असतो आणि त्याची वायर भिंतीत असते, त्यामुळे तिथं लिनक्स चालवणाऱ्याला या दोन गोष्टींशी कर्तव्य नसतं. लॅपटॉपचं मात्र सगळं सुखदुःख हाताखालच्या टचपॅडवर आणि पोटातल्या बॅटरीवर अवलंबून. नेमकी हीच दोन अंगं अजून दुखतात, आणि त्यांचं औषध आता माझ्या किंवा लिनक्स लिहिणाऱ्यांच्या हातात फारसं उरलेलं नाही. ते तुमच्या हातात आहे.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी दुपारी साडेचारला लॅपटॉप मिटून, बॅगेत घालून एसटीने घरी निघाली. तेव्हा बॅटरी 70 टक्के होती. बसमध्ये मांडीवर घेतलेल्या बॅगेचा तळ गरम लागत होता, पण गर्दीत तिनं तिकडे लक्ष दिलं नाही. रात्री जेवणं आटोपून अभ्यासाला बसली, झाकण उघडलं, तर लॅपटॉप उठेचना. बॅटरी पार संपलेली. त्यात गावातली लाइट गेलेली आणि दुसऱ्या दिवशी सबमिशन. सकाळी माझ्याकडे आली ती आधी सॉरी म्हणाली. आपणच बंद करायला विसरलो, असं तिनं धरून टाकलं होतं.

ती काहीही विसरली नव्हती. काम झालं की झाकण मिटायचं, एवढंच तिनं केलं होतं, आणि झाकण मिटलं की यंत्र झोपणार हे तिनं गृहीत धरलं होतं. दुकानात चौकशी केली तर उत्तर आलं, "लिनक्स टाकलंय ना, मग आम्ही काय करणार?" लॅपटॉप विकताना त्याच दुकानानं लिनक्स चालतं असं सांगितलं होतं.

त्या रात्री काय झालं असेल ते तुमच्या अभियंत्यांना मी सांगायला नको, पण पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते. पूर्वीच्या लॅपटॉपना एस-थ्री नावाची झोप होती. झाकण मिटलं की रॅमला तेवढी वीज मिळत राही आणि बाकी सगळं बंद. बंद करण्याची जबाबदारी फर्मवेअरची, म्हणजे यंत्रातच कोरलेल्या मूळ प्रोग्रॅमची. साधारण 2020 पासून, इंटेलच्या अकराव्या पिढीच्या आसपास, अनेक नव्या लॅपटॉपमधून ही झोप गेली. तिच्या जागी जी आली ती मोबाइलसारखी. इंटेलवर तिला एस-झीरो-आय-एक्स म्हणतात, लिनक्सवाले एस-टू-आयडल म्हणतात. यात यंत्र कागदोपत्री जागंच असतं. एकेक भाग आपापला निजतो आणि सगळे निजले की प्रोसेसर सगळ्यांत खालच्या पायरीवर उतरतो. मोठ्या घरात सगळ्यांची निजानीज झाल्याशिवाय दिवे मालवता येत नाहीत, तसंच हे. एसएसडी, यूएसबीचा कंट्रोलर, कार्ड रीडर, नाहीतर तुमच्या एसीपीआय तक्त्यातली (फर्मवेअर वीज आणि झोपेची माहिती प्रणालीला देतं तो तक्ता) एखादी चुकलेली ओळ, यातलं कुणी एक जागं राहिलं की सगळं घर रात्रभर जागं. पडदा काळा असतो, त्यामुळे वापरणाऱ्याला पत्ताच लागत नाही.

लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्यात, 6.4 आवृत्तीपासून एक लहानशी फाइल आहे. मागच्या झोपेत हार्डवेअर खरोखर किती वेळ निजलं, तो आकडा तिच्यात मायक्रोसेकंदांत मिळतो. आम्ही झाकण मिटलं, कँटीनमध्ये चहा घेऊन आलो, झाकण उघडून फाइल वाचली. आकडा होता 0. वीस मिनिटांत एक मायक्रोसेकंदही नाही. त्या मुलीनं परत मिटलं, परत वाट पाहिली, परत 0. मग ती म्हणाली, "मॅडम, म्हणजे मी नव्हते विसरले." तो आकडा पाहून तिच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती मला अजून आठवते.

पुढची पायरीही लिनक्सच्या जगानं तयार ठेवलेली होती. एएमडीचे मारिओ लिमोन्सिएलो यांनी अशा तपासणीसाठी एक पायथन स्क्रिप्ट लिहून सर्वांना खुली केली आहे. ती यंत्राला झोपवते, उठवते आणि काय अडलं त्याची नोंद देते. इंटेलच्या यंत्रांसाठी इंटेलचं तसंच साधन आहे. स्क्रिप्टनं बोट दाखवलं ते फर्मवेअरकडे. कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलचं नवं बायोस, म्हणजे मूळ फर्मवेअर, आलेलं होतं आणि झोपेतला बॅटरीचा खर्च कमी केल्याचं त्याच्या टिपेत स्वच्छ लिहिलं होतं. चूक ठाऊक होती, दुरुस्तीही झाली होती. पण ती दुरुस्ती फक्त विंडोजवर चालणाऱ्या एक्झी फाइलमध्ये होती. पेन ड्राइव्हवरून बायोस भरायची सोय त्या मॉडेलमध्ये दिलेली नव्हती. जो लॅपटॉप विंडोजशिवाय विकला, त्याचं औषध विंडोजशिवाय घेता येत नव्हतं.

शेवटी सांगलीतल्या ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्यानं मागचं झाकण खोललं, तिची एसएसडी काढली, विंडोज असलेली स्वतःची एसएसडी लावली, बायोस भरलं आणि पुन्हा तिची बसवली. दीड तास आणि 300 रुपये. त्या रात्री तिनं मुद्दाम 91 टक्क्यांवर झाकण मिटलं. सकाळी 88 होते. त्यानंतर आजपर्यंत तिची तक्रार नाही.

हे टाळण्याची वाट तयार आहे आणि तुमच्यातल्या काही जणांनी ती धरलेलीही आहे. रिचर्ड ह्यूज यांनी 2015 साली फर्मवेअर पोचवण्याची एक सामायिक सेवा उभी केली, तिचं नाव एलव्हीएफएस. कंपनीनं तिथं फर्मवेअर ठेवलं की लिनक्स वापरणाऱ्याला ते इतर अपडेटांसारखं पडद्यावर दिसतं, एका क्लिकनं भरतं. डेल, लेनोव्हो, एचपी यांची अनेक व्यावसायिक मॉडेलं तिथं आहेत. पण माझी मुलं ती मॉडेलं घेत नाहीत, त्यांना ती परवडत नाहीत. पस्तीस-चाळीस हजारांच्या लॅपटॉपचं फर्मवेअर तिथं क्वचित सापडतं. जिथं विंडोज न घेता घेणारा गिऱ्हाईक सगळ्यांत जास्त, तिथंच ही सोय सगळ्यांत कमी.

आणि मनावर घेतलं तर तुम्ही ऐकता, हेही मी पाहिलं आहे. लेनोव्होचा थिंकपॅड एक्स-वन कार्बन, सहावी पिढी, 2018 साली आला तेव्हा त्यातही जुनी झोप नव्हती. लिनक्स वापरणाऱ्यांनी आवाज उठवला आणि त्याच वर्षी बायोसच्या अपडेटमधून झोपेच्या प्रकारात 'लिनक्स' असा पर्याय आला. तो निवडला की एस-थ्री परत. एका ओळीचा पर्याय, पण त्यामागं कुणीतरी बसून यंत्र झोपवून पाहिलं होतं. मला तेवढंच हवं आहे.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा आधार संपला. विंडोज 11 ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचं आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते, त्यामुळे धडधाकट जुने लॅपटॉप आता माझ्याकडे लिनक्ससाठी येऊ लागले आहेत. त्यातला 2016 चा एखादा लॅपटॉप झाकण मिटताच शांत निजतो, दोन दिवसांनी उघडला तरी चालू होतो. शेजारच्या बाकावर यंदाचा कोरा लॅपटॉप मात्र बॅगेत तापतो. हे मुलांना काय म्हणून समजावू?

जागेपणीच्या खर्चाची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथं लिनक्सवाल्यांनी फार मोठं काम केलं आहे. 2007 साली कर्नलनं सेकंदाला शेकडो वेळा उगाच जागं व्हायची सवय सोडली, त्याच वर्षी इंटेलनं पॉवरटॉप हे, वीज कोण खातंय ते दाखवणारं साधन दिलं. 2018 मध्ये फेडोरा या लिनक्सच्या प्रकाराच्या 28 व्या आवृत्तीसाठी हान्स दे हुडे यांनी साटा (डिस्कची जोडणी), ब्लूटूथ आणि ध्वनीच्या चिपची वीज वाचवणारे पर्याय सुरुवातीपासूनच चालू करून दिले. त्याआधी ते प्रत्येकाला हातानं करावे लागत. 2022 मध्ये 5.17 कर्नलात एएमडीच्या प्रोसेसरचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त करणारा पी-स्टेट ड्रायव्हर आला. आज ग्नोम किंवा केडीई हे लिनक्सचे डेस्कटॉप वापरणाऱ्याला बचत, समतोल आणि वेग असे तीन पर्याय पडद्याच्या पट्टीत मिळतात आणि बहुतेकांना एवढं पुरतं. मुलं इंटरनेटवर वाचून टीएलपी, ऑटो-सीपीयूफ्रेक अशी वीज वाचवणारी साधनं आणि आणखी काहीबाही एकाच वेळी बसवतात आणि मग ती साधनं एकमेकांच्या पायात पाय घालतात. मी सांगते, एकच ठेवा.

पहिल्या सत्रात मी मुलांना एक प्रयोग देते. बॅटरीच्या फोल्डरमधली 'पॉवर नाउ' ही फाइल वाचायची आणि तो आकडा दहा लाखांनी भागायचा, की आत्ता किती वॉट खर्च होताहेत ते कळतं. मग पडद्याचा प्रकाश निम्मा करून पुन्हा वाचायची. ब्राउझरमध्ये व्हिडिओ लावून पुन्हा. व्हिडिओ उलगडण्याचं काम प्रोसेसर करतोय की ग्राफिक्सची चिप, यावर आकडा किती हलतो ते पाहून मुलं चकित होतात. इंटेलच्या ग्राफिक्सवर हे काम चिपकडे सोपवायला फायरफॉक्सनं 115 व्या आवृत्तीपासून, जुलै 2023 मध्ये, आपणहून सुरुवात केली. त्याआधी आम्ही हातानं करत होतो.

या प्रयोगानंतर मुलं बॉक्सकडे बघतात. बॉक्सवर लिहिलेलं असतं, 'दहा तासांपर्यंत'. हिशेब सोपा आहे. बॅटरी 45 वॉट-अवरची असेल तर दहा तासांसाठी सरासरी खर्च साडेचार वॉट हवा. आमच्या फाइलमध्ये, नुसतं मजकूर वाचत बसलं तरी, काही यंत्रांवर नऊ दिसतात. म्हणजे पाच तास. उरलेले पाच तास कुठं गेले? तुमची चाचणी विंडोजवर, तुमच्या सगळ्या ड्रायव्हरांसकट झालेली असते. डॉसवाल्या मॉडेलच्या बॉक्सवरही तोच आकडा छापला जातो. ज्या प्रणालीसह तुम्ही लॅपटॉप विकला तिच्यावर तो आकडा कुणी मोजला होता का, हा प्रश्न माझी विद्यार्थिनी विचारते तेव्हा माझ्याकडे उत्तर नसतं. आमच्याकडे लोडशेडिंगच्या दिवसांत पाच तास आणि दहा तास यांतला फरक म्हणजे उद्याचं प्रॅक्टिकल होणं न होणं.

लिनक्सच मुळात वीज खातं, असं कुणी म्हणू नये. क्रोमबुकमध्ये कर्नल लिनक्सचाच असतो. 2011 पासून ते विकले जातात, बॅटरी आणि टचपॅड या दोन्ही बाबतींत त्यांची तक्रार कमी येते. फरक एवढाच की तिथं यंत्र बनवणारे आणि प्रणाली बनवणारे एका टेबलाशी बसतात आणि बाजारात आणण्याआधी तपासतात. डेलनं 2012 मध्ये स्पुटनिक प्रकल्पातून उबुंटूसह एक्सपीएस 13 आणला, लेनोव्होनं 2020 मध्ये फेडोरासह थिंकपॅड जाहीर केले. तेही असंच घडलं.

आता टचपॅड. याबद्दल मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण टचपॅडला लोक किरकोळ समजतात.

पूर्वी लिनक्सवरचा टचपॅड म्हणजे शिक्षा होती, हे मान्य. 2014 च्या सुमारास लिबइनपुट नावाचा नवा पाया घातला गेला आणि रेड हॅटचे पीटर हटरर यांनी तो वर्षानुवर्षे चिकाटीनं सांभाळला. 2015 मध्ये त्याची 1.0 आवृत्ती आली. बोट कुठलं, अंगठा कुठला, तळहात कुठला, दोन बोटं सरकवली की पान हलवायचं की मोठं करायचं, हा सगळा विचार तिथं होतो. मार्च 2021 मध्ये ग्नोम 40 आलं आणि तीन बोटं वर नेली की उघड्या खिडक्या समोर पसरू लागल्या, बाजूला नेली की दुसरा पडदा. तेही बोटाच्या गतीनं, अर्ध्यात थांबलं तर अर्ध्यात थांबणारं. जून 2022 च्या प्लाझ्मा 5.25 पासून केडीईतही तसंच झालं. डिसेंबर 2023 पासून फायरफॉक्सही वेलँड या लिनक्सच्या नव्या पडदा-यंत्रणेवर आपणहून चालू लागला, त्यामुळे दोन बोटांनी मागच्या पानावर जाणं सहज होऊ लागलं. चौदा इंचांच्या पडद्यावर एका बाजूला प्रोग्रॅम, एका बाजूला नोट्स असं काम करणाऱ्या मुलाला या तीन बोटांचं मोल किती, ते मी रोज बघते. माउस घ्यायला पैसे नसतात आणि एसटीत माउस ठेवायला जागा नसते.

पण हा सगळा विचार एका गोष्टीवर उभा आहे: टचपॅड स्वतःबद्दल खरं बोलतो, या विश्वासावर.

एका मुलाचा लॅपटॉप होता. मराठीत प्रकल्प अहवाल टाइप करताना त्याचा कर्सर मध्येच उडी मारायचा. लिहीत असायचा निष्कर्ष आणि अर्धं वाक्य जाऊन पडायचं प्रस्तावनेत. मराठी टाइप करताना जोडाक्षरांमुळे हात कीबोर्डवर जास्त वेळ रेंगाळतात, तळहात टचपॅडच्या कडेला टेकतो. लिबइनपुटला हे ठाऊक आहे. टाइप होत असताना टचपॅड थोडा वेळ बधिर करायचा आणि कडेच्या पट्टीत सुरू झालेला स्पर्श तळहाताचा धरायचा, असे दोन बंदोबस्त त्यात आहेत. या मुलाच्या यंत्रावर दुसरा बंदोबस्त चालतच नव्हता. का, ते कळेना. दोन संध्याकाळी गेल्या.

मग वर्गातल्या एकीनं कंपासपेटीतली फूटपट्टी काढली आणि टचपॅड मोजला. रुंदी 104 मिलिमीटर. लिबइनपुटकडे टचपॅडनं स्वतःची जी रुंदी कळवली होती ती होती 66. आणि लिबइनपुटमध्ये नियम आहे की 70 मिलिमीटरपेक्षा अरुंद टचपॅडवर कडेची पट्टी राखायची नाही, कारण एवढ्या छोट्या टचपॅडवर तळहात सहसा टेकत नाही. नियम शहाणपणाचा आहे. खोटं टचपॅड बोलला होता, किंवा खरं सांगायचं तर त्याच्या फर्मवेअरमध्ये कुणीतरी दुसऱ्याच टचपॅडचं माप तसंच ठेवलं होतं. लिनक्समधल्या सिस्टमडी या व्यवस्थेच्या हार्डवेअर नोंदवहीत या मॉडेलपुरती खरी मापं लिहिली, यंत्र पुन्हा सुरू केलं, आणि कर्सरच्या उड्या थांबल्या. चिमटीनं मोठं-लहान करणंही सुधारलं, कारण बोटं किती मिलिमीटर सरकली याचा हिशेब आता बरोबर लागत होता.

त्या नोंदवहीत अशा दुरुस्त्यांची भली मोठी यादी आहे. लिबइनपुटचीही वेगळी यादी आहे: अमुक मॉडेलचा दाब चुकीचा कळतो, तमुक मॉडेलचा कीबोर्ड यूएसबीवरून जोडलेला असल्यानं तो आतला आहे हे हातानं सांगावं लागतं. यातल्या कितीतरी ओळींमागं माझ्या वर्गातल्या मुलासारखा कुणीतरी फूटपट्टी घेऊन बसलेला आहे. ते माप तुमच्या कारखान्यातल्या नकाशावर पहिल्या दिवसापासून लिहिलेलं असतं.

इथंही वाट आहेच. मायक्रोसॉफ्टनं विंडोज 8.1 बरोबर, 2013 मध्ये, प्रिसिजन टचपॅडची पद्धत आणली आणि ती सगळ्यांना वाचता येईल अशी प्रसिद्ध केली. लिनक्सच्या कर्नलातला मल्टिटच ड्रायव्हर तीच भाषा समजतो. तुमचा टचपॅड ती भाषा नीट बोलला, आपली लांबी-रुंदी खरी सांगितली, तर आम्हाला वेगळा ड्रायव्हर मागायची गरजच नाही. एक संध्याकाळ, एक लिनक्सचा पेन ड्राइव्ह, आणि लिबइनपुटचं मोजणीचं साधन. उत्पादन सुरू होण्याआधी एवढं करा.

याच वर्षी मार्चमध्ये तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा आला. तक्रार टचपॅडचीच: उजव्या बाजूला दाबलं की क्लिक होत नाही. मी सवयीनं नोंदी तपासायला बसले. स्पर्श बरोबर येत होते, बोटं बरोबर मोजली जात होती, फक्त बटणाची घटना येत नव्हती. तासभर मी सॉफ्टवेअरमध्ये चूक शोधत होते. मग लॅपटॉप टेबलावर ठेवला तर तो डुगडुगला. तळाकडून बघितलं तर झाकण मध्ये फुगलेलं. बॅटरी फुगली होती, ती टचपॅडला खालून ढकलत होती आणि त्यामुळे तो दाबलाच जात नव्हता. तिथल्या तिथं बंद करून, चार्जर काढून, बाहेर व्हरांड्यात नेऊन ठेवला.

त्या मुलाचा लॅपटॉप घरी कायम चार्जरला लावलेला असायचा, कारण लाइट कधी जाईल ते सांगता येत नाही. दीड-दोन वर्षं, उन्हाळ्यातल्या पत्र्याच्या खोलीत, सतत 100 टक्क्यांवर. लिथियमच्या पेशीला उष्णता आणि पूर्ण भरलेली अवस्था, दोन्ही एकत्र सोसत नाहीत, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. म्हणूनच तुमच्या विंडोजवरच्या ॲपमध्ये 80 टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय आहे. लिनक्सच्या कर्नलातही त्यासाठी जागा केव्हाची राखलेली आहे, 'चार्ज कंट्रोल एंड थ्रेशोल्ड' नावाची. मार्च 2025 च्या ग्नोम 48 मध्ये तर सेटिंग्जमध्ये साधं बटण आलं. थिंकपॅडवर ते चालतं, आसूसच्या अनेक मॉडेलांवर चालतं. त्या मुलाच्या मॉडेलवर ते बटण दिसतच नाही, कारण फर्मवेअरला कुठल्या हाकेनं 80 सांगायचं हे कंपनीनं कुठंच लिहिलेलं नाही. ते बटण असतं तर बॅटरी फुगलीच नसती असं मी म्हणणार नाही. पण ती सोय त्याला मिळायला हवी होती. लॅपटॉपमध्ये ती होती, त्याच्या किमतीत धरलेली होती.

ही गोष्ट मला सगळ्यांत जास्त लागली. वाया गेलेली संध्याकाळ भरून काढता येते, पण फुगलेली बॅटरी पोरांच्या खोलीत, गादीवर, उशाशी असते.

म्हणून विनंती करते. ज्या मॉडेलवर तुम्ही लिनक्स किंवा डॉस घालून विकता, त्या मॉडेलवर तरी विक्रीआधी झाकण मिटून पाहा आणि हार्डवेअर निजतं का तो आकडा वाचा. फर्मवेअर एलव्हीएफएसवर ठेवा, नाहीतर किमान पेन ड्राइव्हवरून भरता येईल असं द्या. टचपॅडला त्याचं खरं माप सांगू द्या. चार्जिंगची मर्यादा ठरवणारी हाक कर्नल लिहिणाऱ्यांना कळवा, बाकीचं ते करतील, आजवर करतच आले आहेत. आणि बॉक्सवर तास छापायचे तर कुठल्या प्रणालीवर मोजले तेही शेजारी छापा. पाच निघाले तर पाच छापा. पाच लिहिलेले पाहून घेणारा माणूस फसत नाही.

हा बाजार छोटा आहे, असं तुमचा विक्री विभाग म्हणेल. केंद्र सरकारचं मुक्त सॉफ्टवेअर वापरण्याचं धोरण 2015 पासून आहे. सी-डॅक या सरकारी संस्थेची बॉस लिनक्स त्याच्याही आधीपासून आहे. केरळच्या सरकारी शाळांत वर्षानुवर्षे लिनक्सवरच शिकवतात आणि तिथं लॅपटॉपची खरेदी घाऊक होते. आणि माझ्या गावात दर वर्षी डॉसवाला लॅपटॉप घेणारी मुलं आहेत. त्यांनी विंडोजचे पैसे वाचवले म्हणून ती कमी प्रतीची गिऱ्हाइकं ठरत नाहीत. बॅटरीचे, टचपॅडचे, फर्मवेअरचे पैसे त्यांनी पूर्ण मोजलेले असतात.

जूनमध्ये पुन्हा प्रवेश सुरू होतील. पालक येतील, मोबाइलवर दोन-तीन मॉडेलांचे फोटो दाखवतील आणि विचारतील, "मॅडम, यातला कुठला घेऊ?" माझ्याकडे एक वही आहे. बारा वर्षांत हाताखालून गेलेल्या प्रत्येक मॉडेलपुढं मी तीन रकाने ठेवले आहेत: झोपतो का, टचपॅडचं माप बरोबर आहे का, 80 ला थांबतो का. तिन्हींत 'हो' असलेली नावं एका पानात मावतात, आणि त्यातलं एकही चाळीस हजारांच्या आत नाही. तुमच्यापैकी कुणी एखादं मॉडेल तपासायला पाठवणार असाल, किंवा तुमचा अभियंता एक दिवस आमच्या प्रयोगशाळेत येऊन बसणार असेल, तर वही, फूटपट्टी आणि मुलं, सगळं तयार आहे.

आपली नम्र,
संगणकशास्त्राची एक शिक्षिका
सांगली जिल्हा